डोंगराचा नंबर

कोणत्याही सरकारी खिडकीवर वरच्या पाड्यातल्या माणसाला "मोबाइल नंबर सांगा" म्हटलं की तो जो आकडा घडाघडा म्हणून दाखवतो, तो माझा असतो. माझा म्हणजे आमच्या किराणा दुकानाचा. रेशनला तोच, बँकेला तोच, बाळंतिणीच्या नोंदीला तोच. आधार कार्डांना तर अख्ख्या पाड्याचा तोच. आणि मी, बावळट, कित्येक वर्षं या गोष्टीचा अभिमान बाळगून होतो.

नवापूरच्या पुढे गुजरातची हद्द लागायच्या आत आमचं बाजाराचं गाव आहे. पणजोबा राजस्थानातून इथे आले ते मीठ आणि गूळ विकायला. घरात आम्ही अजून मारवाडी बोलतो, गल्ल्यावर अहिराणी, हिशेब गुजरातीत आणि राग आला की जी तोंडाला येईल ती भाषा. वडिलांच्या वेळी दुकानात काळा फोन होता. डोंगरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, कुणाची सोयरीक ठरली, की निरोप आमच्या फोनवर यायचा आणि मंगळवारच्या बाजारात वडील तो ज्याचा त्याला द्यायचे. मग मोबाइल आला. पाठ केलेला आकडा बदलला, सवय तीच राहिली. पाड्यात टॉवर पोचत नाही, फोन असून उपयोग नाही. त्यामुळे सरकारने सगळा कारभार मोबाइलवर आणला तेव्हा लोकांनी बिनदिक्कत दुकानाचा नंबर देऊन टाकला.

मंगळवारी दुपारी कोंबड्या, अंडी, तूर विकून झाली की मंडळी आमच्या पायरीवर येऊन बसायची आणि मी चष्मा लावून मेसेज वाचायचो. "तुझं रेशन आलं. तुझ्या नातवाची लस राहिली, आशाताई ओरडतेय. तुझं बँकेचं कार्ड बंद पडलं, अंगठा द्यायला जा." कुणाची सून पोटुशी आहे हे तिच्या सासूच्या आधी मला कळायचं. एकदा मेसेज आला, अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात! मी तोही मोठ्याने वाचला. पायरीवरच्या एका डोसीने विचारलं, "मोटार डोंगरवर चढी का?" सगळे हसले. मी पण हसलो, आणि तिच्या पिशवीत गुळाचा खडा टाकला.

डोसी म्हणजे म्हातारी. आमच्याकडे तो अपमान नाही. ही डोसी माझ्या आईच्या वयाची, पाठीला बाक, नजर मात्र घारीची. घरी ती मावची बोलते, माझ्याशी बाजाराची खिचडी भाषा. मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात, आणि पावसात पण मजुरीसाठी इकडे-तिकडेच असतात. नात तिच्यापाशी. पोर पाचवीत होती, चुणचुणीत. शाळा पाड्यासमोरच दिसते, पण मध्ये नाला. कोरड्या दिवसांत उड्या मारत पलीकडे. पावसात डोसी तिला हाताला धरून पाण्यातून नेणार, शाळा सुटेपर्यंत काठावर बसणार आणि परत आणणार. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात दोघी घसरल्या. दप्तर वाहून गेलं, पोर वाचली. तेव्हापासून डोसीचं एकच तुणतुणं, "शेठ, सरकारले सांग ना, आठे एक फरशी बांध म्हना."

फरशी म्हणजे छोटा पूल. आणि गंमत बघा, सरकारने खरंच विचारलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रवा, साखर, तेलाचे डबे, आणि माझं डोकं तापलेलं. तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता: तुमच्या गावात फरशी पूल मंजूर आहे, जागा नागरिकांनीच ठरवायची आहे. गावठाणाजवळ हवा असल्यास एक दाबा, वरच्या पाड्याजवळ हवा असल्यास दोन. गावठाण म्हणजे पाड्याच्या खालचं गाव, पंचायत दोघांची एकच. मेसेजमध्ये खाली आणखी बरंच काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. खिशात फोन टाकताना मनात म्हटलं, वा, डोसीचं नशीब उघडलं, मंगळवारी सांगू.

मंगळवारी ती आली. हातात पिशवी होती स्टँडजवळच्या नव्या दुकानाची. रंगीत, चकाचक. आत नवं कोरं भगोनं.

खरं सांगतो, माझं टाळकंच सरकलं. त्या दुकानाने माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती आणि त्यात ही पण! चार पिढ्यांचं गिऱ्हाईक! मी म्हटलं, "भगोनं तिथून आणि मेसेज इथून? हे बरं आहे. जा, त्यालाच सांग वाचायला." ती गोंधळली. म्हणाली, "तठे सस्तं व्हतं, शेठ." मी म्हटलं, "मग तिथंच बस." आणि मुद्दाम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. ती थोडा वेळ पायरीवर बसून राहिली. तिला वाटलं असेल, शेठचा राग उतरेल. तिला पाहून पाड्यातली बाकीची मंडळीही लांब लांबच घुटमळली. मी त्या दिवशी कुणाचाच मेसेज वाचला नाही. फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तिचा पूल माझ्या खिशात होता आणि मी हटवादीपणाने साखर तोलत राहिलो.

पुढचा मंगळवार उजाडायच्या आत आठवणीचा मेसेज आला, आज शेवटचा दिवस. माझा राग तोवर कधीच विरला होता. मी गडबडीत दोन दाबलं. 'आपले मत नोंदवले गेले, धन्यवाद' असं उत्तर आलं. काय सांगू, छाती फुगली माझी! घरात जाऊन बायकोला सांगितलं, "पाड्याचं मत देऊन आलो." ती पुऱ्या तळत होती. म्हणाली, "पाड्याचं की तुमचं?" मी म्हटलं, "एकच ते."

पाड्यातली कर्ती माणसं दिवाळी उरकून ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेली. निकाल लागला तो नंतर. बाजारात खालच्या गावच्या एकाने पेढे आणले, पूल गावठाणाजवळ होणार म्हणून. मला वाटलं, हा काहीतरी चुकीचं बोलतोय. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोडून मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. पाणी विचारलं, खुर्ची दिली. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. म्हटलं, "हे कसलं विचारणं? ज्यांना पूल पाहिजे त्यांना विचारलंच नाही तुम्ही." त्यांनी पडदाच माझ्याकडे वळवला. "शेठ, लपवण्यासारखं काहीच नाही. सगळं उघड आहे, तुमच्या फोनवर पण दिसेल." एका ओळीत गावठाण, पुढे भलामोठा आकडा. खालच्या ओळीत वरचा पाडा, आणि पुढे फक्त एक.

"हा एकटा कोण असेल कोण जाणे," साहेब हसून म्हणाले.

"तो मी," मी म्हटलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एका नंबराला एक मत. नाहीतर कुणीही बसल्या जागी शंभर वेळा दाबेल. त्यांचं काही चूक नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पण त्या नंबरामागे अख्खा पाडा आहे." ते म्हणाले, "म्हणून तर मेसेजमध्ये खाली लिहिलं होतं. ज्यांचा स्वतःचा नंबर नोंदलेला नाही त्यांनी ग्रामपंचायतीत येऊन अंगठा लावून मत द्यावं. आठवडाभर माणूस बसवला होता तिथे. पाड्यातून कुणीच आलं नाही." मी विचारलं, "आता हरकत घेता येईल?" त्यांनी मान हलवली. "मुदत संपली. हरकतीचाही मेसेज सगळ्या नंबरांना गेला होता."

तिथेच बसून मी फोन चाळला. होता. रिचार्जची ऑफर आणि कुठल्याशा कर्जाची जाहिरात, या दोघांच्या मध्ये तो मेसेज पडला होता. उघडलेला पण नव्हता. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. साहेबांनी पंखा वाढवला. त्यांना वाटलं, वयामुळे.

कुणाला दोष देऊ? खालच्या गावालाही पूल हवाच होता. त्यांची शेतं पलीकडे आहेत, बैलगाड्या अडतात. त्यांनी मेसेज वाचला, घराघरांत विचार केला, मत दिलं. लोकांनी जे करायचं तेच केलं. सरकारनेही जन्मात पहिल्यांदा नीट विचारलं होतं. मध्ये अडकून बसलो होतो तो मी.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही काय मुद्दाम केलं? ती म्हणाली, "ती पाड्यातली पोरं स्वतःचे नंबर लावायचे म्हणत होती, तेव्हा तुम्हीच त्यांना घालवून दिलं ना?"

घालवून दिलं होतं. पाड्यातल्या दोन-तीन जाणत्या पोरांकडे फोन आले तेव्हा ती मला विचारायला आली होती, शेठ, आता आमचाच नंबर लावू का सगळीकडे? मी म्हटलं, "तुमची सिमं उसाच्या फडात बदलतात रे! गुजरातचं एक, इथलं एक. मेसेज हरवला तर बोंबलत याल माझ्याकडे. राहू द्या दुकानाचाच." हे खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मेसेज ऐकायला मंगळवारी माणूस दुकानात येतो, आणि आला की मीठ, तेल, चहा घेऊनच जातो, हे मला चांगलं ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं. "गिऱ्हाईक सुटू नये म्हणून धरून ठेवलात नंबर," ती म्हणाली आणि आत निघून गेली. एवढं स्पष्ट मला आजवर कुणी सुनावलं नव्हतं. रागच आला तिचा. मग राग गेला आणि नुसती लाज उरली.

डोसीला सांगणं भाग होतं. पुढच्या मंगळवारी तिला पायरीवर नाही, आत बाकड्यावर बसवलं. चहा दिला. पूल खाली होणार हे तिला सांगितलं. बशीतला चहा तसाच धरून राहिली. मग विचारलं, "पाड्याना कोन्हीच नही सांगं का?" मी म्हटलं, "सांगितलं. एक मत पडलं. मी दिलं ते." तिने लगेच हात जोडले. "तू तरी दिनं ना, शेठ. तुन्ह भलं होवो."

मी तोंड उघडणार होतो. सांगणार होतो की त्या दिवशी मेसेज माझ्या खिशात होता, आठवडा होता हातात, तुम्ही सगळे खाली जाऊन अंगठे लावून आला असतात. पण तिनेच आधी मान वर केली. घारीची नजर, म्हटलं ना. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिनले मी ते भगोनं तठून लिनं, म्हनीसन का रे? मी परत देई टाकसू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही गं बाई, तसं काही नाही," असं मी इतक्या घाईने म्हटलं की लहान मूलसुद्धा ओळखेल. तिने चहा संपवला, बशी विसळून ठेवली. त्या दिवसापासून ती दुसऱ्या कुठल्याही दुकानाची पायरी चढली नाही. तिकडे स्वस्त मिळेल असं मी स्वतः तिला सांगून पाहिलं. ती हसते आणि माझ्याकडूनच घेते. साबणाची वडी उचलतानासुद्धा माझ्या चेहऱ्याकडे बघून घेते, शेठ खूश आहे ना.

नंतर मी काय नाही केलं! अर्ज केले, साहेबांकडे चार खेपा घातल्या, पाड्यातले लोक फडावरून परतल्यावर एकेकाला धरून ग्रामपंचायतीत नेलं आणि ज्याच्याकडे फोन आहे त्याचा नंबर लावून घेतला. पुढच्या वेळी विचारतील तेव्हा पाडा मोजला जाईल. साहेब म्हणाले, दुसऱ्या पुलाचा प्रस्ताव ठेवू, बघू. पण खालचा पूल तोवर उभा राहिला होता. पाड्यातून त्या पुलावर यायचं तर टेकडीची सोंड ओलांडून जावं लागतं, चढ-उतार, वर काटेरी झुडपं. म्हातारीच्या आणि पोरीच्या पायांना ते रोजचं झेपणारं नव्हतं.

पाऊस तोंडावर आला तसं डोसीने ठरवलं. पोरीला आश्रमशाळेत टाकायचं. निवासी, दूर, पार तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अलीकडे. मी म्हटलं, "इतक्या लांब? एकटी राहशील तू." ती म्हणाली, "पानीमा जाई त्याना पेक्षा दूर जाई ते बरं." पोरीने जाताना दुकानातून पेन्सिली नेल्या. माझ्याकडे बघून हसली नाही. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती घर सोडून निघाली होती.

आणि प्रवेशाच्या वेळी पालकांचा मोबाइल नंबर कोणता दिला असेल? माझाच. मी डोसीला म्हटलं, "अगं, आता पाड्यातल्या पोरांचे नंबर लागलेत." ती म्हणाली, "त्या पोरं कोठे ऱ्हातंस? तुन्हाच नंबर आम्हना नंबर शे."

आता दर रविवारी दुपारी फोन वाजतो. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई पोरींना आळीपाळीने स्वतःच्या फोनवरून घरी बोलू देतात. पोर शाळेतल्या स्वच्छ मराठीत विचारते, "शेठकाका, आजी आली आहे का?" रविवारी आजी कशी येणार? बाजार मंगळवारी. रविवारी ती पाड्यातच येशूच्या प्रार्थनेला असते. मी म्हणतो, "मंगळवारी येईल बेटा, काय सांगू?" ती सांगते. पोळी कडक असते. पायाला लागलं होतं, बरं झालं. गणितात पहिली आले. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "आजीला सांगा, मी रडत नाही." मंगळवारी डोसी विचारते, "पोर काय म्हने?" मी सगळं सांगतो. ती म्हणते, "तिले सांगजो, मी बी नही रडत." पुढच्या रविवारी मी तेही सांगतो. वडिलांनी हे काम आयुष्यभर केलं, त्यांना माणसं दुवा देत. मी तेच करतो आणि प्रत्येक निरोप देताना मला वाटतं, हा निरोप द्यायची वेळच यायला नको होती. पोर आज नाल्यापलीकडच्या शाळेत असती, संध्याकाळी चुलीपाशी बसून स्वतःच्या तोंडाने आजीला सांगत असती.

यंदा श्रावणात पावसाने झोड उठवली. डोसी एका मंगळवारी आली नाही, पुढच्याही नाही. रविवारी पोरीने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, "आली होती ना. मजेत आहे." फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बायकोला सांगितलं आणि मोटारसायकल काढून नाल्यावर गेलो. शाळेपर्यंत डांबरी आहे. शाळेच्या मागून चिखल तुडवत काठावर उतरलो. पाणी गढूळ, दोन्ही थड्या भरून चाललेलं. पलीकडे पाडा अगदी समोर. चुलीचा धूर दिसत होता.

मी हाका मारल्या. प्रार्थनेहून परतणाऱ्या कुणीतरी ऐकलं आणि जाऊन सांगितलं असावं. थोड्या वेळाने डोसी काठी टेकत पलीकडच्या काठावर आली. वाळली होती, पण धड होती. मला बघून तिने आधी हात जोडले. मग ओरडली, "पोरले काय व्हयनं का?"

"नाही नाही! पोर चांगली शे!" मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात निम्मं गेलं. ती कानाला हात लावून उभी राहिली. मी पुन्हा ओरडलो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. रविवार, तीच वेळ. या काठाला टॉवर लागतो.

"शेठकाका, आजी आली आहे का?"

मी म्हटलं, "आहे. समोर आहे माझ्या."

फोनमधून एक श्वास ऐकू आला. मग ती इतक्या जोरात "आजीऽऽ" म्हणून ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. स्पीकर लावला आणि हात वर केला. नाल्याच्या खळखळाटात तो आवाज माझ्या कोपरापर्यंतसुद्धा पोचला नाही. डोसीने मात्र ओळखलं. काठी टाकली, आणखी दोन पावलं खाली उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं. "काय म्हने? काय म्हने रे शेठ?"

"आजी काय म्हणते?" फोनमधून पोर विचारत होती.

"मागे हो! मागे हो आधी!" मी डोसीवर ओरडलो. माझा आवाज फाटला.

"शेठकाका, फोन तिच्या हातात द्या ना. एकदाच द्या."

डोसीने पाण्यावरून हात माझ्याकडे लांब केला होता. मी फोन घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत गेलो आणि पोरीला म्हटलं, "थांब हं बेटा. देतो."